काळ्या झग्यातला लिस्ट

बुडापेस्टच्या विमानतळाला २०११ सालापासून एका पियानोवादकाचं नाव आहे. फ्रांत्स लिस्ट. तिथले लोक मात्र त्याला 'लिस्त फेरेन्त्स' म्हणतात, कारण हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेतल्या हजेरीपटासारखं. गंमत अशी की ज्या माणसाचं नाव त्या देशाने आपल्या दारावर लावलं, त्याला त्या देशाची भाषा येत नव्हती. आणि तो जिथे जन्मला ते गाव आज त्या देशातही नाही.

लिस्टबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. लांब केस, पियानोवर विजेसारखी फिरणारी बोटं, त्याच्या हातमोज्यांसाठी झोंबणाऱ्या युरोपातल्या बायका वगैरे. त्या वेडाला कवी हाइनेने १८४४ साली 'लिस्टोमेनिया' असं नावच देऊन टाकलं. पण या कथेचा जो अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही तो मला जास्त ओढ लावतो. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी या माणसाने रोममध्ये धर्मदीक्षा घेतली, अंगात पाद्र्यांचा पायघोळ काळा झगा चढवला आणि मरेपर्यंत, म्हणजे पुढची एकवीस वर्षं, तो 'आबे लिस्ट' म्हणून जगला. आबे म्हणजे फ्रेंच लोक पाद्र्याला आदराने म्हणतात ते.

लोक तेव्हाही हसले होते आणि अजूनही हसतात. रोममध्ये राहणाऱ्या ग्रेगोरोविउस नावाच्या जर्मन इतिहासकाराने त्याला नव्या वेषात भाडोत्री बग्गीतून उतरताना पाहिलं आणि रोजनिशीत लिहून ठेवलं की हा तर पाद्र्याच्या सोंगातला सैतान! लिस्टवर आयुष्यभर दोन आरोप होत राहिले. एक, हा खरा पाद्री नाही. दुसरा, हा खरा हंगेरियन नाही. दोन्ही आरोपांत तथ्य आहे. तरीही मला वाटतं की या दोन आरोपांच्या मधूनच हा माणूस नीट दिसतो.

सुरुवात बापापासून करायला हवी. आडाम लिस्ट हा एस्तरहाझी नावाच्या बड्या सरदार घराण्याच्या नोकरीत होता. मेंढ्यांच्या वाड्यांचा कारभार बघायचा. पण जीव संगीतात. त्याच घराण्याच्या वाद्यवृंदात तो तरुणपणी चेलो वाजवायचा, आणि हायडनसारखा मोठा संगीतकार त्याने जवळून पाहिलेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याआधी हा आडाम फ्रान्सिस्कन मठात साधू व्हायला गेला होता. तिथे तो दोनेक वर्षं राहिला, पण स्वभाव चंचल म्हणून मठाने त्याला परत पाठवलं. मठ सुटला तरी तिथल्या साधूंशी मैत्री सुटली नाही. पुढे मुलगा झाला त्याचं नाव ठेवलं फ्रान्सिस्कुस. लहानग्या फ्रांत्सला तो मठात भेटीला घेऊन जायचा. थोडक्यात, बापाच्या दोन अपुऱ्या इच्छा होत्या, संगीत आणि संन्यास, आणि दोन्ही पोराच्या नावावर जमा झाल्या.

मुलाचा जन्म २२ ऑक्टोबर १८११ चा. गाव राइडिंग, हंगेरियन भाषेत दोबोर्यान. तेव्हा ते हंगेरीच्या राज्यात होतं, पण पश्चिम सरहद्दीवरच्या त्या पट्ट्यात घरोघरी जर्मन बोलत. आई आन्ना ऑस्ट्रियातल्या क्रेम्सची. त्यामुळे पोराची मातृभाषा जर्मन. आडनावाचीही एक मजा आहे. मूळ आडनाव साधं 'लिस्ट', जर्मन पद्धतीने चार अक्षरांत लिहिलेलं. पण हंगेरियनमध्ये त्यातल्या 'एस'चा उच्चार 'श' होतो, म्हणजे लोक 'लिश्ट' म्हणणार. म्हणून आडामने त्यात एक 'झेड' घातला. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्दी नव्याने आखल्या गेल्या आणि १९२१ साली ते गाव ऑस्ट्रियात गेलं. आता तिथे जायचं तर ऑस्ट्रियात जावं लागतं.

मुलगा सहा-सात वर्षांचा असताना पियानोवर बसला आणि बापाला कळून चुकलं की हे काही वेगळंच आहे. १८२० मध्ये शोप्रोन आणि पोझोनी (म्हणजे आजचं ब्रातिस्लावा) इथे त्याच्या मैफली झाल्या. नऊ वर्षांचं पोर. ऐकायला आलेल्या काही हंगेरियन सरदारांनी तिथल्या तिथे त्याच्या शिक्षणासाठी सहा वर्षं दरसाल पैसे द्यायचं कबूल केलं. १८२२ साली कुटुंब व्हिएन्नाला आलं. तिथे कार्ल चेर्नीने त्याला पियानो शिकवला, आणि म्हाताऱ्या सालिएरीने स्वररचना. चेर्नीने एक पैसा घेतला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग १८२३ च्या डिसेंबरात पॅरिस. पॅरिसच्या संगीत विद्यालयात प्रवेश मिळवायचा हे आडामचं स्वप्न. संचालक होता केरुबिनी. त्याने नियम दाखवला : परदेशी मुलांना प्रवेश नाही. हा केरुबिनी स्वतः इटलीहून आलेला! परदेशी माणसाने परदेशी पोराला 'तू परदेशी' म्हणून दारातून परत पाठवलं. घर सोडून दुसऱ्या देशात पोट भरायला गेलेल्या आपल्यातल्या अनेकांना यातली चव कळेल.

आता बापलेक दौऱ्यांवर जगू लागले. फ्रान्स, इंग्लंड, पुन्हा फ्रान्स. १८२७ च्या ऑगस्टमध्ये बूलोन्य या समुद्रकाठच्या गावी आडाम आजारी पडला आणि गेला. मुलगा पंधरा वर्षांचा. त्याने आईला पॅरिसला बोलावून घेतलं आणि दिवसभर शिकवण्या करून घर चालवू लागला. वर्षभरात एका शिष्येच्या प्रेमात पडला. मुलगी सोळा-सतरा वर्षांची, तिचा बाप फ्रान्सचा व्यापारमंत्री. मंत्र्याने त्याला घराबाहेर काढलं. मुलगा इतका खचला की आजारी पडला, आणि एका वर्तमानपत्राने तर तो मेला असं समजून मृत्युलेखही छापला. याच काळात त्याने आईला सांगितलं की मला पाद्री व्हायचंय. आई नको म्हणाली. त्याच्या धर्मगुरूनेही समजावलं की तुझी वाट संगीताची. त्याने ऐकलं.

हे इतक्या तपशिलात सांगायचं कारण असं की झगा ही उतारवयातली लहर नव्हती. सोळा-सतराव्या वर्षी जी गोष्ट राहून गेली तिच्याकडे तो छत्तीस-सदतीस वर्षांनी परत आला. मध्ये काय काय झालं ते जगाला ठाऊक आहे. काउंटेस मारी दागू ही विवाहिता त्याच्याबरोबर पॅरिस सोडून निघाली. त्यांना तीन मुलं झाली, ब्लांदीन, कोझिमा आणि दानिएल. मग १८३९ पासून १८४७ पर्यंत लिस्टने लिस्बनपासून इस्तंबूलपर्यंत आणि आयर्लंडपासून रशियापर्यंत असा फिरता संसार केला की आजच्या गायकांनाही धाप लागावी. एकटा वादक संपूर्ण संध्याकाळ वाजवतो ही रीत त्यानेच रूढ केली. 'रिसायटल' हा शब्द पियानोच्या मैफलीला लंडनमध्ये १८४० साली लागला तोही त्याच्याच मैफलीच्या जाहिरातीत.

पण या धामधुमीच्या आधी, १८३४ साली तो ब्रिटनीमध्ये लामने या बंडखोर पाद्र्याच्या घरी जाऊन राहिला होता. लामनेचं म्हणणं असं की चर्चने राजांची नाही, गरिबांची बाजू घ्यावी. पोपने त्याच वर्षी त्याच्या पुस्तकाचा निषेध केला. तेवीस वर्षांच्या लिस्टने त्या सुमारास चर्चच्या संगीताच्या भविष्यावर एक लेख लिहिला. चर्चमधलं संगीत मरगळलंय, त्यात रंगभूमीचं बळ आणि लोकांचा आवाज आला पाहिजे, असा त्याचा सूर. हा लेख मला महत्त्वाचा वाटतो. म्हातारपणी त्याने जे केलं त्याचा आराखडा तिथे आहे.

आणि हंगेरी? हंगेरी त्याच्या आयुष्यात परत आली ती एका पुरामुळे. १८३८ च्या मार्चमध्ये डॅन्यूब नदीला महापूर आला आणि पेस्ट शहर बुडालं. लिस्ट तेव्हा व्हेनिसमध्ये होता. बातमी वाचली आणि पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या देशाची त्याला एकदम आठवण झाली. तो तडक व्हिएन्नाला गेला, तिथे पूरग्रस्तांसाठी एकामागून एक मैफली केल्या आणि मोठी रक्कम पाठवून दिली. पुढच्या वर्षाच्या शेवटी तो पेस्टला गेला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ४ जानेवारी १८४० रोजी राष्ट्रीय नाट्यगृहात त्याला रत्नजडित तलवार भेट दिली. उत्तराचं भाषण करायला हा उभा राहिला, अंगावर हंगेरियन राष्ट्रीय पोशाख, आणि भाषण... फ्रेंचमध्ये! कारण हंगेरियन येत नव्हतं. लोकांनी तरीही जल्लोष केला. पॅरिसच्या टीकाकारांनी मात्र या तलवारीवरून पुढची कित्येक वर्षं त्याची टर उडवली.

१८४७ च्या सप्टेंबरात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आजच्या युक्रेनमधल्या येलिसावेतग्राद गावी त्याने मैफल केली आणि त्यानंतर स्वतःच्या पोटासाठी जाहीर मैफल पुन्हा कधीच केली नाही. यशाच्या शिखरावर असताना दुकान बंद. त्यानंतर जाहीरपणे वाजवलं ते बहुतेक कुणाच्या तरी मदतीसाठी, पूरग्रस्त, रुग्णालयं, स्मारकं. पुढची बारा-तेरा वर्षं तो वायमारला राहिला, राजकुमारी कारोलीन झाइन-विट्गेनश्टाइनबरोबर. ही पोलंडची, कट्टर कॅथलिक, रशियन सेवेतल्या एका राजपुत्राची बायको, अफाट बुद्धीची आणि अफाट चिरूट ओढणारी बाई. नवऱ्यापासून ती वेगळी झाली होती, पण चर्चकडून विवाह रद्द होत नव्हता. वायमारमध्ये लिस्टने मोठमोठ्या रचना केल्या. १८५६ साली हंगेरीतल्या एस्तरगोमच्या नव्या कॅथीड्रलच्या उद्घाटनासाठी त्याने मिस्सा लिहिली. १८५८ साली पेस्टच्या फ्रान्सिस्कन मठाने त्याला समारंभाने आपला बंधू करून घेतलं. ज्या संघाने बापाला परत पाठवलं होतं, त्याच संघाने मुलाला आत घेतलं. आडाम तेव्हा असायला हवा होता.

यानंतरची काही वर्षं फार वाईट गेली. १८५९ च्या डिसेंबरात मुलगा दानिएल विसाव्या वर्षी बर्लिनमध्ये गेला. १८६२ मध्ये थोरली ब्लांदीन बाळंतपणानंतर गेली, सव्वीस वर्षांची. या दोघांच्या मधे, २२ ऑक्टोबर १८६१ ला, लिस्टच्या पन्नासाव्या वाढदिवशी, रोमच्या सान कार्लो चर्चमध्ये त्याचं आणि कारोलीनचं लग्न ठरलं होतं. वर्षानुवर्षांची खटपट करून परवानगी मिळाली होती. चर्च फुलांनी सजलं होतं म्हणतात. आदल्या रात्री निरोप आला की कागदपत्रं पुन्हा तपासायची आहेत, लग्न होणार नाही. ते पुढे कधीच झालं नाही. १८६४ मध्ये कारोलीनचा नवरा वारला, वाट मोकळी झाली, तरीही नाही. दोघं रोममध्येच, पण वेगवेगळ्या घरांत राहिली. तिने चर्चच्या कारभाराच्या दोषांवर एक खंडामागून खंड असा प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला. त्याने झगा घातला.

झग्याच्या आधी दोन वर्षं तो रोमच्या बाहेर मोंते मारिओ टेकडीवरच्या एका जवळजवळ रिकाम्या मठात राहायला गेला होता. एक खोली, एक टेबल, पलंग आणि एक लहानसा, धड न वाजणारा पियानो. ज्या माणसासाठी राजे ताटकळत त्याची ही बैठक. ११ जुलै १८६३ रोजी पोप नववा पायस स्वतः टेकडी चढून त्याला भेटायला आला आणि लिस्टने त्याला वाजवून दाखवलं. याच सुमारास त्याने पियानोसाठी दोन फ्रान्सिस-कथा रचल्या. एकीत असिसीचा संत फ्रान्सिस पाखरांना प्रवचन देतो. दुसरीत पाओलाचा संत फ्रान्सिस नावाड्याने नावेत घेतलं नाही म्हणून अंगावरचा झगा पाण्यावर अंथरतो आणि लाटांवरून चालत सामुद्रधुनी पार करतो. पहिलीतली पाखरं तुम्ही एकदा ऐकाच. उजव्या हाताची नुसती किलबिल, आणि मग ती हळूहळू शांत होते, कारण कुणीतरी बोलायला लागलंय.

२५ एप्रिल १८६५ रोजी व्हॅटिकनमध्ये होएनलोए नावाच्या धर्माधिकाऱ्याने आपल्या खासगी प्रार्थनामंदिरात लिस्टच्या डोक्यावरचे थोडे केस कापले. हा धर्मसेवेत प्रवेशाचा विधी. थोडेच दिवस आधी त्याने रोममध्ये मैफल केली होती, त्यामुळे शहरभर अचंबा. आईलाही त्याने नंतर पत्राने कळवलं. पॅरिसमधली म्हातारी पत्र वाचून रडली, आणि मग तिने आशीर्वाद पाठवला. पुढच्या वर्षी ती गेली. ३० जुलैला लिस्टला चार कनिष्ठ पदं मिळाली : द्वारपाल, वाचक, भूतपिशाच्च काढणारा आणि वेदीजवळचा सेवक. बस्स. यापुढची पायरी त्याने कधीच चढली नाही. म्हणजे त्याला मिस्सा अर्पण करता येत नव्हता, पापनिवेदन ऐकता येत नव्हतं, कुणाचं लग्न लावता येत नव्हतं. मनात आलं असतं तर त्याला सगळं सोडून स्वतःचं लग्न मात्र करता आलं असतं. जी पदं त्याला मिळाली त्यातली द्वारपाल आणि भूत काढणारा ही दोन तर चर्चने १९७२ साली रद्दच केली.

तेव्हा पहिला आरोप खरा आहे. लिस्ट पूर्ण अर्थाने पाद्री नव्हता. त्याने तसा दावाही केला नाही. एका परिचित राजपुत्राला लिहिलेल्या पत्रात त्याने साफ म्हटलंय की कडक अर्थाने साधू होण्याचा आपला विचार नाही, कनिष्ठ पदांपुरतं चर्चचं होणं एवढं आपल्याला पुरेसं आहे. लोकांनी मग कारणं शोधली. कुणी म्हणालं कारोलीनशी लग्न टाळायला. कुणी म्हणालं पोपच्या दरबारी संगीतप्रमुख व्हायला. ते पद तर त्याला कधी मिळालं नाही. कुणी म्हणालं नाटक, दुसरं काय! आणि नाटक त्याला आवडायचंही, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या काळ्या झग्यात आणि पांढऱ्या लांब केसांत आपण कसे दिसतो हे त्याला पक्कं ठाऊक असणार. तो पुढेही कोन्याक प्यायचा, चिरूट ओढायचा, बायका त्याच्यामागे यायच्या आणि तो सगळ्यांना घालवून द्यायचा असंही नाही. स्वतःबद्दल त्याने खूप आधीच सांगून ठेवलं होतं की आपण अर्धे जिप्सी आणि अर्धे फ्रान्सिस्कन आहोत.

मला तर वाटतं की चार पायऱ्या चढून तिथेच थांबणं यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. पुढची शपथ आपल्याला पाळता येणार नाही हे त्याला माहीत होतं. द्वारपाल म्हणजे देवळाच्या दाराशी उभा राहणारा. आत गेलेला नाही आणि बाहेरही नाही. आयुष्यभर कुठल्याच देशाच्या पूर्ण आत नसलेल्या माणसाला ही जागा बरोबर शोभते.

असो. झगा घालून त्याने पहिलं मोठं काम केलं ते हंगेरीतच. १५ ऑगस्ट १८६५ ला पेस्टमध्ये त्याच्या 'संत एलिझाबेथची कथा' या संगीतकथेचा पहिला प्रयोग झाला. सुमारे पाचशे गायक-वादक आणि समोर झग्यातला लिस्ट. एलिझाबेथ ही हंगेरीची राजकन्या, परदेशात दिली गेलेली, तिथे गरिबांची सेवा करत मेलेली. विषय त्याने उगाच निवडला नसणार.

दोन वर्षांनी, ८ जून १८६७ ला, बुडाच्या मात्याश चर्चमध्ये सम्राट फ्रांत्स योसेफचा हंगेरीचा राजा म्हणून राज्याभिषेक झाला. मिस्सा लिस्टचा, पण वाजवायला व्हिएन्नाच्या दरबाराचे वादक आणि दरबाराचाच संचालक. लिस्टला संचालनाचा मान नाही. तो वरच्या सज्ज्यात बसून ऐकत होता. सोहळा संपल्यावर तो एकटाच पायी टेकडी उतरू लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राजाची मिरवणूक बघायला गर्दी. त्या काळच्या एका आठवणीत असं नोंदलंय की दुरून कुणीतरी येताना दिसलं, लोकांना वाटलं मिरवणूक सुरू झाली, आणि मग ओळख पटली तसा लिस्टच्या नावाचा गजर टेकडीपासून नदीपर्यंत पोचला. राजा अजून यायचाच होता.

१८६९ पासून त्याचं आयुष्य तीन ठिकाणी वाटलं गेलं. वर्षातले काही महिने रोम आणि जवळचं तिवोली, काही वायमार, काही बुडापेस्ट. साठी-सत्तरीच्या माणसाने दरवर्षी आगगाडीने हा फेरा करायचा. वायमारमध्ये हप्त्यातून तीन दुपारी शिष्य जमायचे. अमेरिकेतून, रशियातून, जर्मनीतून, कुठून कुठून. फी किती? शून्य. चेर्नीने घेतली नव्हती, म्हणून यानेही शेवटपर्यंत कुणाकडून घेतली नाही. शेकडो विद्यार्थी त्याच्या हाताखालून गेले. संन्याशाचं दारिद्र्य त्याला जमलं नसेल, पण आपली विद्या विकायची नाही हे व्रत त्याने पाळलं. माझ्या हिशेबी हे काही कनिष्ठ पद नव्हे.

१४ नोव्हेंबर १८७५ रोजी बुडापेस्टमध्ये हंगेरीची राष्ट्रीय संगीत अकादमी भाड्याच्या जागेत सुरू झाली. लिस्ट अध्यक्ष, एर्केल संचालक. दरवर्षी हिवाळ्यात लिस्ट तिथे येऊन शिकवायचा. पुढे अकादमीच्या इमारतीत त्याला जे घर मिळालं ते आता त्याचं संग्रहालय आहे. आणि हो, याच सुमाराला त्याने हंगेरियन शिकायलाही घेतलं होतं. काही धडे झाले आणि सोडून दिलं. त्या भाषेतले लांबच लांब शब्द पाहिले की त्याला दोष द्यायचं धाडस होत नाही. पण त्याने एका हंगेरियन मित्राला लिहिलं होतं की भाषेचं आपलं अज्ञान लाजिरवाणं असलं तरी मनाने आपण जन्मापासून मरणापर्यंत मज्जार, म्हणजे हंगेरियनच राहू.

आता दुसऱ्या आरोपाकडे. १८५९ साली लिस्टच्या नावाने एक फ्रेंच पुस्तक निघालं होतं. त्यात म्हटलं होतं की ज्याला जग हंगेरियन संगीत म्हणतं ते मुळात जिप्सींचं, म्हणजे रोमा लोकांचं. हंगेरीत संताप झाला. अभ्यासाच्या दृष्टीने लिस्टचं चुकलंच होतं. शहरात रोमा वादक जे वाजवत त्यातलं पुष्कळसं हंगेरियन लेखक-सरदारांनीच रचलेलं होतं, आणि खेड्यातल्या शेतकऱ्यांची जुनी गाणी तर त्याच्या कानावर फारशी पडलीच नव्हती. ती गोळा करायला बार्टोक आणि कोदाय १९०५ नंतर गावोगाव हिंडले. पण हंगेरीतल्या लोकांनी ही चूक त्याच्या मरणानंतरही त्याला माफ केली नाही.

मरणही कुठे आलं पाहा. बायरॉइटला. मुलगी कोझिमा पहिल्या नवऱ्याला सोडून वागनरकडे गेली होती, तिने पंथही बदलला होता, बापलेकीत वर्षानुवर्षं अबोला होता. वागनर १८८३ मध्ये गेला, आणि १८८६ च्या उन्हाळ्यात वागनर महोत्सवाला शोभा यावी म्हणून कोझिमाने आजारी बापाला बोलावून घेतलं. तो खोकत, तापाने फणफणत नाट्यगृहात बसला, आणि ३१ जुलै १८८६ ला न्यूमोनियाने गेला. चार कनिष्ठ पदं घेतल्याला आदल्याच दिवशी एकवीस वर्षं झाली होती. मरणाऱ्या कॅथलिकाजवळ पाद्री येऊन जे विधी करतो तेही त्याच्या वाट्याला आले नाहीत. त्याच्या आत्मशांतीच्या प्रार्थनेत ब्रुकनर ऑर्गनवर बसला आणि त्याने वाजवलं काय, तर वागनरच्या 'पार्सिफाल'मधल्या सुरावटी. लिस्टचा स्वतःचा एक सूरही नाही.

त्याला बायरॉइटच्या दफनभूमीतच पुरलं. देह हंगेरीत आणावा अशी मागणी झाली, १८८७ मध्ये संसदेत चर्चा झाली. पंतप्रधान तिसा यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की ज्या काळात हंगेरीजवळ आपल्या संगीताखेरीज फारसं काही उरलं नव्हतं, त्याच काळात या माणसाने ते संगीतही आपलं नाही असं जगाला सांगितलं. देह आला नाही. अजूनही तो तिथेच आहे.

त्याची शेवटच्या वर्षांतली एक रचना अशीच दारात थांबून राहिली. १८७८-७९ मध्ये त्याने क्रूसाच्या वाटेवर, येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या चौदा थांब्यांवर संगीत रचलं, 'विया क्रूचिस'. लिस्टकडून आतषबाजीची अपेक्षा असेल तर ते ऐकून माणूस बुचकळ्यात पडतो. मोजके स्वर, लांब शांतता, कुठे जुनं लॅटिन स्तोत्र, कुठे जर्मन प्रॉटेस्टंट भजन. एका थांब्यावर तर नुसते एकेकटे सूर, जणू कुणी अंधारात भिंत चाचपत चाललंय. चर्चचं संगीत छापणाऱ्या नामांकित प्रकाशकाने ते नाकारलं. लिस्टने स्वतः ते कधी जाहीर प्रयोगात ऐकलं नाही. पहिला प्रयोग झाला १९२९ च्या गुड फ्रायडेला, बुडापेस्टमध्ये. पन्नास वर्षं उशिरा, पण त्याच शहरात.

आणि हंगेरीने त्याला परत आपलं कसं म्हटलं तेही ऐका. बुडापेस्टच्या अकादमीत लिस्टचा एक विद्यार्थी होता, इश्तवान तोमान. हा तोमान पुढे तिथेच शिकवू लागला आणि त्याच्या हाताखाली शिकला बेला बार्टोक. तोच बार्टोक, ज्याने गावोगाव फिरून लिस्टचं म्हणणं खोटं ठरवलं. १९३६ साली हंगेरीच्या विज्ञान अकादमीत मानाचं भाषण करायची पाळी आली तेव्हा बार्टोकने विषय घेतला लिस्ट. पुस्तकातली चूक त्याने झाकली नाही. पण लिस्टच्या हंगेरियनपणाबद्दल त्याचा मुद्दा सरळ होता : तो स्वतःला हंगेरियन म्हणत असे, तेव्हा इतरांनी, हंगेरियनांनी आणि परक्यांनीही, ते मान्य करून गप्प बसावं. चारच वर्षांनी बार्टोकलाही देश सोडून अमेरिकेला जावं लागलं.

आपल्याकडे परदेशात वाढलेल्या पोरांबद्दल बोलताना 'त्यांना धड मराठी बोलता येत नाही, ती कसली मराठी' असं पटकन म्हटलं जातं. भाषा ही मोठीच गोष्ट आहे, मी स्वतः या पानावर दुसरं काय करतोय? तरीसुद्धा लिस्टचा हिशेब समोर ठेवला की जीभ थोडी अडखळते. भाषा येत नव्हती. पण पूर आल्यावर धावला, पैसे पाठवले, राज्याभिषेकाला संगीत दिलं, देशाची संगीत अकादमी उभी राहिली तेव्हा म्हातारपणी दर हिवाळ्यात येऊन फुकट शिकवलं. ज्यांना भाषा अस्खलित येत होती त्यांनी संसदेत त्याचा देह नाकारला.

आणि आत-बाहेर ठरवण्याचं काम दारात उभ्या असलेल्या माणसाचं असतं, असं म्हणायचं तर ते एक पद लिस्टला चर्चनेच देऊन ठेवलं होतं!

ऐकायची सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारेल म्हणून सांगतो, हंगेरियन ऱ्हॅप्सोडी तर सगळेच ऐकतात. आधी ती पाखरांची किलबिल ऐका. मग रात्री घर शांत झाल्यावर 'विया क्रूचिस'. धर्म कुठलाही असो किंवा नसो, चौदा थांबे चालून जाता येतात. तिथे तो तुम्हाला भेटेल, आणि अंगावर कुठला झगा आहे हे अंधारात दिसणार नाही.